नाही म्हणालं कोण?

जानेवारीतली गोष्ट आहे, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यातली. अक्षतेच्या आदल्या दिवशी सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या उंच काठ्या तोलत चालतात आणि अर्धं सोलापूर रस्त्यावर असतं. मी मात्र घरात लॅपटॉपसमोर बसलेली, कारण पुण्याच्या कंपनीचं बिल्ड शुक्रवार रात्रीपासून लाल होतं.

माझं काम बिल्ड-रिलीजचं. बाकीचे लोक कोड लिहितात, तो रोज रात्री आपोआप कंपाइल होतो, म्हणजे त्याचा मशीनवर चालणारा प्रोग्राम बनतो, टेस्ट होतो, त्याचं पॅकेज बनतं, आणि ही सगळी साखळी चालू ठेवायची ही माझी जबाबदारी. चौदा वर्षं करतेय, त्यातली शेवटची काही सोलापुरात राहूनच. कोड चुकला म्हणून बिल्ड पडलं तर मला भीती वाटत नाही, कंपायलर ओळ नंबरासकट सांगतो कुठं चुकलं ते. पण कोडमध्ये काहीच बदललं नाही, काल चालत होतं आणि आज 'परमिशन डिनाइड', असं झालं की पोटात गोळा येतो.

शुक्रवारी दुपारी सिक्युरिटी टीमनं सगळे सर्व्हर हार्डन केले होते. सीआयएस बेंचमार्क म्हणून एक भलीमोठी यादी असते, सर्व्हर घट्ट कसा करायचा त्याची, पासवर्ड कसे असावेत, कुठल्या सर्व्हिसेस बंद ठेवाव्यात वगैरे. बऱ्याच कंपन्या ऑडिटच्या आधी ती लावतात. त्यातच एक ओळ असते की टीएमपी आणि व्हार टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फाइली ठेवायच्या दोन सार्वजनिक जागा, नोएक्झेक करा. तिथं फाइल ठेवता येईल, वाचता येईल, पण तिथून कुठलाही प्रोग्राम चालवता येणार नाही.

आणि आमची बिल्डची स्क्रिप्ट, जी माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेली आणि मी कधी हात न लावलेली, ती सगळा सोर्स नेमका व्हार टीएमपीमध्ये उलगडून तिथंच कॉन्फिगर, म्हणजे बिल्डच्या आधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट, चालवायची.

टीममध्ये एक मुलगा आहे, बार्शीचा, नोकरीला वर्षही झालं नव्हतं त्याला. रात्रभर तोच झगडत होता. एरर होता 'कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्राम्स', आणि त्याखाली सल्ला की क्रॉस कंपाइल, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कंपाइल, करत असाल तर होस्ट सांगा. आता हे वाचून कुणालाही वाटणार की कंपायलर बिघडलाय, किंवा चुकीच्या प्रोसेसरचा कंपायलर आलाय. त्यानं कंपायलर काढून परत टाकला, दोनदा, मग जुनी व्हर्जन टाकून बघितली. सकाळी सातला फोन आला, आवाज अगदी खोल गेलेला, "ताई, मी सगळं करून बघितलं हो."

तो कुठं अडकला ते मला लगेच कळलं, कारण मीही तिथं अडकलेय कधीकाळी. कॉन्फिगर काय करतं तर कॉन्फटेस्ट नावाचा एक इवलासा प्रोग्राम लिहितं, कंपाइल करतं आणि चालवून बघतं, हेतू एवढाच की या मशीनवर कंपायलर धड आहे ना. प्रोग्राम चालला नाही की ते निष्कर्ष काढतं, कंपायलर दुसऱ्या मशीनसाठीचा असणार. बिचाऱ्या कॉन्फिगरच्या कल्पनेतच नाही की प्रोग्राम उत्तम बनला असेल आणि तो चालवायलाच कुणी मनाई केली असेल. खरं कारण कॉन्फिग डॉट लॉगमध्ये खाली कुठंतरी पडलेलं असतं, 'कॉन्फटेस्ट: परमिशन डिनाइड'. स्क्रीनवर जे दिसतं तो एका प्रोग्रामनं लावलेला अर्थ, आणि लॉगमध्ये असतं ते प्रत्यक्ष घडलेलं. मी नवीन मुलांना हे परत परत सांगते, तरी प्रत्येकाला एक रात्र घालवावीच लागते असं दिसतं.

लॉग सापडला तरी पुढचा चकवा आहेच. एलएस, म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी कमांड, मारलं तर फाइलवर सगळे एक्स नीट दिसत होते, म्हणजे चालवायची परवानगी आहे. रूट होऊन बघितलं, तरी तेच, परमिशन डिनाइड. आपल्या डोक्यात बसलेलं असतं की रूट म्हणजे घरचा मालक, त्याला कोण अडवणार. पण नोएक्झेक फाइलवर नसतं, ते ज्या जागेवर फाइल ठेवलीय त्या अख्ख्या माउंटवर असतं, आणि रूटलाही लागू असतं.

अण्णा हॉलमध्ये टीव्हीवर यात्रेचं लाइव्ह बघत होते. पूर्वी कधी चुकवली नाही, आता गुडघे धरतात म्हणून घरी. मध्येच मला म्हणाले, "काय झालं ग? मघापासून बघालोय, तेच तेच करालीस."

म्हणलं, "अण्णा, मशीन परवानगी नाही म्हणतंय."

"कोण म्हणतंय?"

"मशीन."

"मशीन कशाला म्हणंल? कुणीतरी सांगून ठेवलं असंल की तिला."

एवढं बोलून ते परत टीव्हीकडं वळले, आणि मी तशीच बसून राहिले. अण्णा मिलमध्ये जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जॉबर म्हणजे लूम बंद पडली की ज्याला हाक मारतात तो माणूस, त्याच्याकडं ठरावीक लूम असतात आणि त्या चालत्या ठेवायची जोखीम त्याची. मिल बंद झाल्यावर पुढं पूर्व भागात एका कारखान्यात चादरीच्या लूमवर तेच काम केलं त्यांनी. लहानपणी डबा द्यायला जायची मी, आत शिरलं की खडखडाटानं कान बधिर व्हायचे, आणि अण्णा त्या आवाजातही लांबून ओळखायचे कुठली लूम थांबली.

मिलमधल्या ऑटोमॅटिक लूमवर प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पट्टी लटकलेली असायची. धागा ताणलेला असेतोवर पट्टी वर, धागा तुटला की पट्टी खाली पडणार आणि लूम जागच्या जागी थांबणार. अण्णा सांगायचे, काही जण वैतागून ते थांबायचं यंत्रच तारेनं बांधून ठेवायचे, कारण मजुरी मीटरवर, लूम थांबली की मीटर थांबले. मग कापड निघायचं भराभर, पण त्यात तुटलेल्या धाग्याची रेघ लांबपर्यंत गेलेली, आणि तपासणीत ते सगळं बाद. अण्णांना त्या तारेचा फार राग. लूम थांबली म्हणजे ती बिघडली असं समजणाऱ्याला त्यांनी कधी चांगला कामगार म्हणलं नाही.

आमच्या क्षेत्रातली तार म्हणजे सीएचमॉड ट्रिपल सेव्हन. सगळ्यांना सगळी परवानगी. किंवा सेटएनफोर्स शून्य, म्हणजे एसईलिनक्स नावाच्या लिनक्सच्या पहारेकऱ्यानं नुसतं बघायचं, अडवायचं नाही. इंटरनेटवर कुठलाही परमिशनचा एरर शोधा, पहिल्या पाचात हे उत्तर असतंच आणि खाली आभार मानणारे. माझ्या पहिल्या नोकरीत एका सिनिअरनं वैतागून अख्ख्या सर्व्हरवर ट्रिपल सेव्हन मारलेलं मी बघितलंय. अर्ध्या तासानं कळलं की आता एसएसएचनं, म्हणजे लांबून सर्व्हरवर शिरायच्या वाटेनं, आत येता येत नाही, कारण की-फाइल सगळ्यांना उघडी दिसली की एसएसएच ती मानतच नाही, आणि रूटचे अधिकार देणारं सुडोपण चालेना, त्याची नियमांची फाइल कुणालाही लिहिता येतेय म्हणल्यावर तेही नकार देतं. सगळी दारं उघडायला गेला आणि स्वतःच बाहेर राहिला. सर्व्हर शेवटी नव्यानं बसवावा लागला.

पण मला खरं सांगायचंय ते हे की टीएमपीमधून प्रोग्राम चालवू नका असं कुणाला का वाटलं असेल. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर मॉरिस वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप शिरणारा प्रोग्राम, पसरला. तो आत कसा यायचा माहितेय? सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या प्रोग्राममधल्या एका भोकातून तो ९९ ओळींचा एक छोटा सी प्रोग्राम समोरच्या मशीनवर पाठवायचा, तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवायचा, तिथल्याच कंपायलरनं कंपाइल करायचा आणि चालवायचा, मग तो प्रोग्राम बाकीचा वर्म ओढून घ्यायचा. चौदा वर्षांनी, २००२ मध्ये, स्लॅपर नावाचा वर्म आला, अपाचेच्या वेबसर्व्हरवरच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधल्या भोकातून. त्यानंही तेच केलं. टीएमपीमध्ये डॉट बगट्रॅक डॉट सी नावाची फाइल टाकायची, जीसीसी या कंपायलरनं कंपाइल करायची, चालवायची. टिंबानं सुरू होणारं नाव, म्हणजे साध्या एलएसमध्ये दिसणार पण नाही.

आता माझी स्क्रिप्ट बघा. सोर्स आणायचा, टीएमपीत ठेवायचा, कंपाइल करायचा, चालवायचा. पायरी न् पायरी तीच. मशीनच्या जागी उभं राहून बघितलं तर माझ्यात आणि त्या वर्ममध्ये फरक कळायला काही मार्गच नाही. माझा हेतू चांगला आहे हे मला माहीत आहे, मशीनला कुठून माहीत असणार? हे लक्षात आलं तेव्हापासून माझा 'परमिशन डिनाइड'वरचा राग गेला. ती कुलपं कुणाच्या डोक्यातून उगाच आलेली नाहीत, त्या जागेवरून खरोखर चोर आत शिरलेत म्हणून लावलीत. आणि टीएमपी ही अशी जागा की मशीनवरचा कुणीही, अगदी वेबसर्व्हरचा बारीकसा युजरसुद्धा, तिथं लिहू शकतो. चोराला दुसरीकडं पाय ठेवायला जागा मिळत नाही म्हणून तो तिथं येतो.

तर शनिवारी मी स्क्रिप्ट बदलली, बिल्डसाठी वेगळं फोल्डर केलं, टीएमपीडीआयआर, म्हणजे तात्पुरत्या फाइली कुठं ठेवायच्या ते सांगणारं सेटिंग, तिकडं वळवलं, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं पिप वगैरे मंडळीसुद्धा त्यांचं तात्पुरतं काम तिकडंच करतील. कॉन्फिगर एक पायरी पुढं गेलं आणि परत पडलं.

पण या वेळी शब्द वेगळे होते. 'ऑपरेशन नॉट परमिटेड'.

बहुतेक लोक हे दोन्ही एकच समजतात, मीही बरीच वर्षं समजायची. मराठीत दोन्हीचं भाषांतर परवानगी नाही असंच होईल. पण लिनक्सच्या आत हे दोन वेगळे नकार आहेत, त्यांचे नंबरसुद्धा वेगळे, डिनाइडचा १३ आणि नॉट परमिटेडचा १. ढोबळ सांगायचं तर १३ म्हणजे या फाइलीच्या किंवा जागेच्या परवानगीत बसत नाही, आणि १ म्हणजे हे कामच तुला करू देणार नाही. शब्द बदलले याचा अर्थ नाही म्हणणारा बदलला. पहिलं कुलूप निघालं होतं आणि मी आता दुसऱ्या दारापुढं होते, आणि हे माझ्या दृष्टीनं चांगलंच होतं, पण बार्शीच्या मुलाला वाटलं की परत तेच.

हा दुसरा निघाला एफएपॉलिसीडी. रेड हॅटच्या मशीनवर ही एक सर्व्हिस असते, ती कुठलाही प्रोग्राम चालायच्या आधी बघते की हा ओळखीचा आहे का. ओळखीचा म्हणजे आरपीएमच्या डेटाबेसमध्ये नोंद असलेला, रीतसर पॅकेजमधून आलेला. अनोळखी असेल तर चालू देत नाही, मग तो रूटनं का चालवेना. कल्पना फार चांगली आहे, ऑफिसातल्या साध्या सर्व्हरसाठी तर उत्तमच. पण बिल्ड सर्व्हरचं कामच मुळी असं की सेकंदापूर्वी जगात नसलेला प्रोग्राम जन्माला घालायचा आणि लगेच चालवून बघायचा. आत्ता जन्मलेल्या बाळाला आधार कार्ड मागितल्यासारखं होतं ते. कॉन्फटेस्ट कुठल्याही डेटाबेसमध्ये कसा असेल, तो दोन सेकंद जगतो आणि पुसला जातो.

इथं स्क्रिप्ट बदलून भागणार नव्हतं. ज्यानं नियम लावला त्याच्याशी बोलायलाच पाहिजे होतं.

सिक्युरिटीचं काम बघणारा माणूस नाशिकला असतो, आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नाही. मी तिकीट लिहायला बसले आणि पहिल्या मसुद्यात लिहिलं की तुमच्या हार्डनिंगमुळं आमचं बिल्ड बंद आहे, कृपया एफएपॉलिसीडी बंद करावं. मग थांबले. हे म्हणजे तार बांधा म्हणणंच झालं. पुसलं आणि परत लिहिलं, की बिल्ड नावाचा एक युजर आहे, तो अमुक फोल्डरमध्ये नवे प्रोग्राम तयार करून चालवतो, त्या फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही, तर एवढ्याच युजरला एवढ्याच फोल्डरमध्ये चालवायची मुभा मिळेल का. डीबग-डिनाय मोडमध्ये ती सर्व्हिस चालवून जे नकार छापले गेले त्या ओळीही जोडल्या.

तासाभरात उत्तर आलं, शनिवार असून. नियम लावून दिला होता, आणि खाली लिहिलं होतं की तीन आठवड्यांपूर्वी मी सगळ्या टीमना मेल केली होती, कुणाला काय काय चालवायला लागतं त्याची यादी द्या म्हणून, एकाही टीमनं दिली नाही. मी मेल शोधली. होती. उघडलेलीसुद्धा नव्हती मी. लगेच फोन करून त्याला सॉरी म्हणाले, आणि ते मनापासून होतं, कारण मी सकाळपासून मनात त्या माणसाला बोल लावत होते आणि त्यानं मात्र विचारायचं काम केलेलं होतं.

संध्याकाळी बिल्ड झालं. खालून यात्रेहून परतणारी पोरं 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' ओरडत चालली होती.

एसईलिनक्सनं त्रास दिला तो सोमवारी, पण तो आता ओळखीचा पाहुणा. अमेरिकेच्या एनएसएनं २००० साली ते खुलं केलं आणि २००३ मध्ये लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये आलं, म्हणजे आता वीस वर्षांच्या वर झाली, तरी लोक त्याला अजून भूत समजतात. झालं होतं असं की तयार पॅकेज होम फोल्डरमधून वेबसर्व्हरच्या फोल्डरमध्ये एमव्हीनं हलवलं होतं, आणि डाउनलोड करायला गेलं की ४०३, म्हणजे वेबसर्व्हरचा नकार. एसईलिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक लेबल असतं आणि वेबसर्व्हरला ठरावीक लेबलांच्याच फाइली वाचता येतात. सीपी, म्हणजे कॉपी, केलं तर नवी फाइल नव्या जागेचं लेबल घेते, एमव्ही केलं तर ती माहेरचं नाव घेऊनच सासरी येते. लेबल त्या जागेप्रमाणं नीट करणारं रीस्टोरकॉन मारलं, नाव बदललं, काम झालं, पाच मिनिटं. एलएसला मोठा झेड लावला की ही नावं दिसतात, आणि नकाराची नोंद ऑडिट लॉगमध्ये असते, ती वाचायला शिकलं की यातली निम्मी भीती जाते.

आता उरली ती गोष्ट जिची मला अजूनही सगळ्यात जास्त भीती वाटते. सीआयएसच्या त्या यादीत यूमास्कपण घट्ट केलेला होता, ०२२ चा ०२७. म्हणजे नवी फाइल बनताना 'इतर' लोकांना वाचायचीसुद्धा परवानगी मिळणार नाही. याच्यानं बिल्ड पडलं नाही. सगळं हिरवं. टेस्ट पास, कारण टेस्ट चालवणारा युजर तोच, फाइलींचा मालक. पॅकेज बनलं, गेलं, आणि दहा-बारा दिवसांनी एका कस्टमरकडून कळलं की अपग्रेड केल्यावर सर्व्हिस उठतच नाही. तिकडं फाइली रूटच्या नावावर बसल्या, सर्व्हिस चालते दुसऱ्या साध्या युजरनं, आणि त्याला स्वतःचीच कॉन्फिग फाइल वाचता येईना. आमच्या मशीनवरची घट्ट परवानगी पॅकेजमध्ये बसून तिकडं पोचली होती.

इथं पट्टी खाली पडलीच नाही, लूम चालतच राहिली आणि रेघ कापडात गेली. तेव्हापासून आमच्या पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फाइलची परवानगी आकड्यात लिहिलेली असते, ६४४ म्हणजे ६४४, मशीनच्या मनावर काही सोडायचं नाही. आणि एक टेस्ट वाढवली, जी मुद्दाम वेगळा, काहीही अधिकार नसलेला युजर बनवून त्याच्याकडून सर्व्हिस उठवते. ही टेस्ट पूर्वीपासून असायला हवी होती, हे मी टीमसमोर तसंच सांगितलं. त्या कस्टमरच्या लोकांची एक रात्र त्यात गेली होती, कुणीतरी तिकडंही कंपायलर नाहीतर डिस्क तपासत बसलं असणार.

अण्णांना मी नंतर हे सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. कडक भाकरी दह्यात मोडत ऐकत होते. यूमास्कचं ऐकून जेवायचे थांबले आणि विचारलं, "मग ते बाद कापड परत बोलावलं का?" म्हणलं, हो, त्याच दिवशी नवीन पॅकेज दिलं. "मग बरं," म्हणाले आणि शेंगा चटणी पुढं ओढली.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला बार्शीच्या मुलाचा फोन. मी उचलायच्या आधीच मनाची तयारी केली की आता अर्धा तास याला धीर द्यायचाय. तर त्यानं नमस्कार चमत्कार काही नाही, सरळ सुरू केलं, "ताई, नवीन सर्व्हरवर पडलंय. पण 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणतंय, 'डिनाइड' नाही. माउंट बघितलं, ते ठीक आहे. नाशिकला विचारू का आधी तुम्ही लॉग बघताय?"

म्हणलं, "थांब, लॅपटॉप उघडते."